मोकळी जागा (शनिवार वगळून)

१० जुलै

मावशी,

फोनवर मी नुसती ‘हं, हं’ करते आणि तेवढ्यात दुसरंच काहीतरी बघत असते, असं तुझं म्हणणं. खरंय ते. म्हणून हा कागद. कागदावर ‘हं’ करता येत नाही.

नगररचनेचं तिसरं वर्ष सुरू झालं. आमच्या वर्गात तीन जातीची पोरं आहेत. आर्किटेक्चरला नंबर न लागलेली, इंजिनिअरिंगला नंबर न लागलेली, आणि ज्यांच्या बापांना वाटतं की हा नगरसेवक व्हायचा कोर्स आहे. मी पहिल्या ढिगातली. बाहेर कुणाला सांगितलं की मी शहरांचं नियोजन शिकते, तर पुढचा प्रश्न ठरलेला: “म्हणजे प्लॉट विकणार का?”

शिकवायला गुण्या सर आहेत. गुण्या म्हणजे काटकोन आखायची पट्टी. हे नाव आम्ही ठेवलंय, कारण ते कॉरिडॉरमध्येसुद्धा काटकोनात वळतात. आजवर एक गल्लीही आखलेली नाही त्यांनी, पण ज्यांनी ज्यांनी शहरं आखली त्या सगळ्यांना मूर्ख ठरवून झालंय. कॉलेजबाहेर त्यांचं स्वतःचं ऑफिस आहे. तिथे काय चालतं हे विचारायचं नसतं.

या वर्षी एक अख्खं गाव घ्यायचं, गल्लीगल्लीत फिरायचं, कुठल्या जागेचा काय वापर होतो ते लिहायचं आणि नकाशा रंगवायचा. बालवाडीत करायचो तेच, फक्त इथे फी जास्त. आणि ऐक, गाव कुठलं निघावं? तुझं!

आम्ही लॉजवर उतरणार आहोत, पण तुझं दुकान मला बघायचंच आहे. आईला इतकी वर्षं सांगतेस, चौकात दुकान आहे, काचेची भांडी, चिनी मातीच्या कपबशा, गिऱ्हाइकांची रांग. शनिवारी येऊ का? तेव्हा आम्ही मोकळे असतो.

तुझी,
शिसपेन्सिल


१६ जुलै

शिसपेन्सिले,

लहानपणी काडीसारखी होतीस म्हणून हे नाव ठेवलं. आता खरंच पेन्सिली घेऊन हिंडतेस म्हणजे माझ्या जिभेवर काहीतरी आहे. आधी माहीत असतं तर ‘कलेक्टर’ ठेवलं असतं.

वीस-एकवीस वर्षांची धडधाकट मुलगी, आणि शिकते काय, तर हे घर आहे, हे दुकान आहे. अगं, आमच्या इथल्या बिनशाळेच्या शेळीलाही कळतं ते. दुकानात शिरली की हाकलतात, घरात शिरली की बांधतात.

शनिवारी मुळीच येऊ नका. शनिवारी आमच्याकडे सगळं बंद असतं, काही दिसणार नाही तुम्हाला. मंगळवार-बुधवार बरे. मी मात्र त्या आठवड्यात बाहेरगावी आहे. दुकानही बंद ठेवणार आहे, तेव्हा शोधत बसू नकोस. ताईला सांग, माझं उत्तम चाललंय.

मावशी


२ ऑगस्ट

मावशी,

झालं तुझं गाव रंगवून. तू म्हणालीस म्हणून अख्ख्या वर्गाचा वार बदलून घेतला, मंगळवारी आलो, गुरुवारी सुटलो. खरंच सुटलो. रस्ते असे की जणू कुणीतरी शिंकताना आखलेत. गटार कुठं संपतं आणि पाणपोई कुठं सुरू होते ते कळायला आम्हाला अर्धा तास लागला.

माझ्या जोडीला जो मुलगा होता त्याला आम्ही वामकुक्षी म्हणतो, कारण तो उभ्याउभ्या झोपू शकतो. तो फळीवर नकाशा धरून डुलायचा, मी रंग भरायचे. घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल, बागा हिरव्या. हिरवी पेन्सिल अजून नवीच्या नवी आहे, यावरून काय ते समज.

आणि गावाच्या मधोमध, नगरपालिकेच्या समोर, केवढं ते मैदान! उपयोग शून्य. एक कुत्रं झोपलेलं, बाकी कुणी नाही. जमिनीला जागोजागी भोकं. वामकुक्षी म्हणाला, “उंदीर.” मी शेऱ्यात लिहिलं: उंदरांचा प्रादुर्भाव. रिकाम्या जागेला रंग नसतो, त्यामुळे ते कोरं सोडलं. तुमच्या लोकांना जागेची किंमतच नाही.

तू नको म्हणाली होतीस तरी चौकातल्या पक्क्या दुकानांच्या ओळीत तुझं दुकान शोधलं. सापडलं नाही. तिथल्या घड्याळवाल्याला विचारलं, “कपबशांचं दुकान कुठंय?” तर तो आधी हसला, मग म्हणाला, “आज नाही ते.” दुकान आज नाही म्हणजे काय? गाव वेडं आहे का तुमचं?

शिसपेन्सिल


११ ऑगस्ट

शिसपेन्सिले,

त्या घड्याळवाल्याचं स्वतःचं घड्याळ बंद पडलेलं असतं. त्याला काय विचारतेस? दुकानाची डागडुजी चालू होती, पाटी काढलेली होती. म्हणून नाही दिसलं.

मैदान मोकळं दिसलं तुला? असतंच ते मोकळं. बरं केलंस कोरं सोडलंस ते. तुझ्या हातात रंग दिला की तू भिंतीसुद्धा सोडत नव्हतीस.

नकाशा शाळेत दाखव, मार्क घे आणि त्याची पुंगळी करून माळ्यावर टाक. असल्या कागदांचं आणखी काय होणार!

मावशी


२० जानेवारी

मावशी,

बस खाली, म्हणजे पडणार नाहीस.

माळ्यावर टाकायचा तो कागद आता तुमच्या नगरपालिकेच्या विकास आराखड्यात आहे! गुण्या सरांच्या ऑफिसला तुमच्या गावाचं काम मिळालंय. नव्याने गल्ल्या फिरायला माणसं आहेत कुणाकडे? सरांनी आमचेच नकाशे उचलले, कॉलेजचं नाव खोडलं, वर ऑफिसचा शिक्का. चोरीच आहे, पण माझ्या नकाशाची चोरी व्हावी एवढा तो चांगला होता, हेही बघ. वामकुक्षीला तर अजून कळलेलंही नाही.

आणि ते उंदरांचं मैदान! तिथे पाच मजली वाहनतळ येणार. नकाशात जागा रिकामी, म्हणून ती वाहनतळासाठी राखून ठेवायला, म्हणजे आरक्षण टाकायला, कसली अडचणच आली नाही. सर म्हणाले, “तुझी पाहणी स्वच्छ होती. पास झालीस की माझ्याकडे नोकरी पक्की, तोवर मोकळ्या वेळात ऑफिसात येत जा.” आमच्या अख्ख्या वर्गात एकालाही असं म्हणाले नाहीत. आईने शेजारणीला बोलावून सांगितलं. आर्किटेक्चरवाल्यांच्या नाकावर टिच्चून मी त्यांच्याआधी नोकरीला लागणार.

तुझं दुकान त्याच चौकात ना? गाड्या लावून लोक खाली उतरणार, समोर तुझ्या कपबशा. आभार नंतर मान.

शिसपेन्सिल


३० जानेवारी

शहाणे,

आभार मानते. दोन्ही हातांनी, जोडे घेऊन.

ती भोकं उंदरांची नाहीत, बये. बांबूची आहेत. दर शनिवारी त्या मैदानावर बाजार भरतो. माझ्या सासूच्या आधीपासून भरतो. आसपासच्या गावांतून माणसं येतात. झाडू, चपला, भांडी, पत्र्याच्या पेट्या, जुने कपडे, सगळं. पहाटे आम्ही त्या भोकांत बांबू रोवतो, वर ताडपत्री. अंधार पडला की उपटतो. नगरपालिकेच्या बाजूची कोपऱ्यातली चार भोकं माझी. तेच माझं दुकान. घड्याळवाल्याच्या भाषेत, ‘आज नाही ते’ दुकान.

हो, खोटं बोलले. तुझी आई बंगल्यात पडली, मी ताडपत्रीखाली. लग्नानंतर पहिल्यांदा तिने विचारलं, “काय करतेस गं?” आणि माझ्या तोंडून ‘दुकान’ निघून गेलं. मग ते दुकान दरवर्षी वाढतच गेलं. मध्ये एकदा तर मी त्याला काचेचं दारही लावलं.

पण माझं खोटं माझ्या घरात होतं. तुझं खोटं छापून आलंय, शिक्क्यासकट! नगरपालिकेच्या फलकावर लावलंय. चपलावालीने वाचून दाखवलं: ‘विद्यमान वापर: रिकामी जागा.’ त्या रिकाम्या जागेवर जगणारी सगळी जण फलकासमोर उभी होती. झाडूवाला म्हणाला, “हे ज्याने लिहिलं त्याला बोलवा, माझा एक झाडू फुकट देतो, पण दांड्याच्या बाजूने.” तो दांडा माझ्याच भाचीला बसायचाय हे कसं सांगू?

वाहनतळ झालं तर मी कपबशा कुठे मांडू? तिसऱ्या मजल्यावर?

मावशी


६ फेब्रुवारी

मावशी,

“शनिवारी सगळं बंद असतं, काही दिसणार नाही.” हे कुणाच्या अक्षरात आहे? पत्र माझ्यासमोर आहे. “असतंच ते मोकळं” हे कुणाचं? मी शनिवारी यायला निघाले होते, मावशी. मला हाताला धरून मंगळवारात तू नेऊन बसवलंस. आता जोडे कुणाला मारायचे ते आरशात बघून ठरव.

आणि कुणाची लाज? बाजारात बसायची? मला आवडलं असतं ते. आता नाही आवडत, पण तेव्हा आवडलं असतं.

सरांना सांगितलं. म्हणाले, “आठवड्यातून एक दिवस भरतं त्याला वापर म्हणत नाहीत, अडथळा म्हणतात.” मी म्हटलं, “सर, पाहणी चुकलीय.” तर म्हणाले, “पाहणी चुकली म्हणजे माझं ऑफिस चुकलं. माझं ऑफिस चुकत नाही. हरकती मागवल्यात ना? लोकांना लिहू दे.” मग चष्मा काढून, “तुझी नोकरी स्वच्छ पाहणीसाठी आहे हं,” असंही म्हणाले.

तेव्हा हरकत लिही. सुनावणीला मी सरांच्या बाजूला बसलेली असेन, नकाशे उलगडायला. माझ्याकडे बघू नकोस. मी काही बोलणार नाही. चार वर्षं लोकांचं “प्लॉट विकणार का” ऐकलं ते तुझ्या काचेच्या दारासाठी नाही.

शिसपेन्सिल


१५ फेब्रुवारी

प्रति,
शिसपेन्सिल,
नकाशे उलगडणारी

विषय: हरकत.

महोदया,

नगरपालिकेला दिलेल्या हरकतीची ही नक्कल नाही. तिथे मी सभ्य भाषेत लिहिलंय. ही हरकत तुझ्यावर आहे.

हरकत पहिली: तीन वर्षं शिकलीस असं म्हणतेस. चौथं आताच धरून टाकलंस.

हरकत दुसरी: मी म्हटलं म्हणून तू मंगळवारी आलीस. कबूल, मी खोटं बोलले. पण गावातल्या एका बाईने सांगितलं आणि तुमच्या अख्ख्या वर्गाने ऐकलं? उद्या मी म्हणेन नदी नाही, तर निळा रंग वाचवाल? हेच शिकवतात का तिथे?

हरकत तिसरी: उंदीर एका ओळीत भोकं पाडतात का गं? सारख्या अंतरावर? चार कोपऱ्यांत चार? तुमच्या सरांनाही जमणार नाही इतकं सरळ. तुला दिसलं आणि तू ‘उंदीर’ लिहिलंस. ही चूक माझी नाही. ही शुद्ध तुझी.

सुनावणी बुधवारी आहे. नगरपालिकेच्या हॉलमध्ये, खिडकीतून मैदान दिसतं तिथे. तुझ्याकडे बघणार नाही. बघण्यासारखं काही नसतंच तुझ्यात.

ताईला सगळं लिहून टाकलंय, दुकानाचं. आज ना उद्या पेपरात येईल, त्यापेक्षा माझ्याच हातून बरं. तिचं उत्तर नाही. बंगल्यातली माणसं उत्तराआधी चहा पितात.

आपली नम्र (कधीच नव्हते),
मावशी


४ मार्च

मावशी,

बुधवारी तुला शिपायाने दंडाला धरून बाहेर काढल्यानंतर काय झालं ते चपलावालीने तुला तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. तरी माझ्याकडूनही ऐक, कारण तिला मागच्या बाकावरून अर्धंच दिसत होतं.

तू सुनावणी घेणाऱ्या साहेबांना “तुमच्या डोळ्यांना ताडपत्री लावलीय का” असं विचारायला नको होतंस. तोवर त्यांचा कल बाजाराकडे होता. त्यानंतर ते उठून खिडकीशी गेले आणि म्हणाले, “कुठंय बाजार? बघा सगळे. एक कुत्रं झोपलंय.” मावशी, तेच कुत्रं! मला ओळखू आलं.

सर हसले. हळूच, काटकोनात. म्हणाले, “आमची पाहणी हेच सांगते.”

मी नकाशाची सुरळी धरून बसले होते. बोलायचं नाही हे ठरलं होतं. पण सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, “हिने स्वतः केलीय पाहणी. एक चूक दाखवा.” म्हणजे खड्डा माझ्या नावाने, आणि माती लोटायला हे.

मी उभी राहिले. “चूक आहे. मी मंगळवारी गेले होते.”

साहेब म्हणाले, “मग?”

“आज बुधवार आहे. बाजार शनिवारी असतो.”

सर म्हणाले, “साहेब, दुर्लक्ष करा. आत्ता बाहेर काढलेली बाई हिची मावशी आहे.” त्यांना कसं कळलं? आईने शेजारणीला सांगितलं, शेजारीण सरांच्या ऑफिसातल्या बाईची नणंद. तुझं काचेचं दार फुटल्याचा आवाज बराच लांब गेलाय.

“अस्सं! मावशी!” साहेब म्हणाले आणि हॉल हसला. झाडूवाला सगळ्यात मोठ्याने. तो कोणाच्या बाजूने आहे?

मग मी तुझी हरकत तिसरी वापरली. शब्दन् शब्द. म्हटलं, “साहेब, मावशीचं सोडा. खाली चला. तिथे भोकं आहेत. मी ‘उंदीर’ लिहिलं. उंदीर गुण्या लावून भोकं पाडत नाहीत.” ‘गुण्या’ शब्दावर नकाशे धरायला आणलेल्या वर्गातल्या एकाला खोकला आला. सरांना त्यांचं नाव त्या दिवशी कळलं असावं.

साहेब छत्री घेऊन खाली उतरले. पहिल्या भोकात छत्री खुपसली. सरळ गेली आत, मुठीपर्यंत. दुसऱ्यात, तिसऱ्यात. मग दोन भोकांच्या मधे पावलं टाकत चालायला लागले. ओळ संपली, वळले, पुढची ओळ. कुत्रं उठून मागे निघालं. वर खिडकीत आम्ही सगळे. सर एवढंच म्हणाले, “तमाशा.”

साहेब वर येऊन म्हणाले, “शनिवारी फेरपाहणी. आमचा माणूस करेल.” आणि मला, “तुम्ही नाही.” बरोबरच आहे.

पायऱ्या उतरताना सर म्हणाले, “उद्यापासून ऑफिसात यायचं नाही. आणि तुला वाटत असेल तू गाव वाचवलंस. तू फक्त एक अडथळा वाचवलास.” मी म्हटलं, “हो सर.” कारण तुमच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते म्हणतात.

नोकरी गेली. तुझ्यासाठी नाही बोलले, हे नीट लक्षात ठेव. माझ्या नकाशावर खोटं होतं आणि खाली माझं अक्षर होतं, म्हणून बोलले. तू निमित्त. तेही अडचणीचं.

शिसपेन्सिल


२८ एप्रिल

शिसपेन्सिले,

लागला निकाल.

शनिवारी नगरपालिकेचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फळी. चपलावालीच्या ढिगात अडकला, पेट्यावाल्याच्या पेटीवर गुडघा आपटला, आणि माझ्यासमोर येऊन विचारतो, “हे रोजचं आहे की कधीकधीचं?” मी म्हटलं, “तुमचा पगार रोज होतो की महिन्यातून एकदा?” काहीतरी लिहिलं त्याने. मग सहा बशा बघितल्या, घासाघीस केली, एकही घेतली नाही. अस्सल सरकारी.

आता साहेबांचा न्याय ऐक. पाच मजली इमारत रद्द. पण मैदान आम्हाला दिलं म्हणशील तर तेही नाही. सहा दिवस तिथे गाड्या लावायच्या, शनिवारी बाजार. फलकावर नवा नकाशा लागलाय. बाजूच्या रंगांच्या यादीत शेवटचा चौकोन कोराच, आणि त्यापुढे लिहिलंय: ‘मोकळी जागा (शनिवार वगळून)’. म्हणजे इतकी भांडाभांडी झाली आणि आमच्यासाठी एक रंगही निघाला नाही तुमच्या डब्यातून! कंसात बसवलं आम्हाला.

असू दे. कंसातही चार बांबू मावतात. पण शनिवारी सकाळी जो गाडी काढायला विसरेल त्याच्या टपावर मी कपबशा मांडणार, हे आत्ताच सांगून ठेवते.

उंदीर तू लिहिलेस हे झाडूवाल्याला सुनावणीतच कळलं. दांड्याचं त्याने मागे घेतलंय. म्हणाला, “तुमचीच भाची, जीभ बघून ओळखायला हवं होतं.” मी म्हटलं, माझी जीभ बरी, ती निदान शनिवारी खरं बोलते.

ताई आली होती. न सांगता, शनिवारीच. उन्हात ताडपत्रीखाली उकिडवी बसली, आणि जाताना सगळ्यात महाग बरणी उचलून पैसे न देता गेली. लहानपणापासून अशीच आहे. मला मात्र फार बरं वाटलं, हे तिला सांगू नकोस.

ते शिक्षण सोडायचं म्हणतेयस, असं तीच सांगत होती. सोड की. एका गावाची नासाडी अर्धी करून अर्धी निस्तरलीस. पुढच्या गावाची पूर्ण करायला कुणीतरी दुसरं मिळेलच, त्याच्या हातात तर हिरवी पेन्सिलही नसेल.

पोस्टाने एक कप पाठवतेय. कान तुटलेला आहे. शाबूत देण्याइतकं काही तू केलेलं नाहीस.

मावशी


९ मे

मावशी,

सोडत नाहीये. आईला अर्धं ऐकायची सवय आहे. मी ‘गुण्या सरांचं ऑफिस सोडलं’ म्हटलं होतं, आणि तेही खोटंच. सोडलं नव्हतं, हाकललं होतं.

पुढच्या वर्षीचं गाव ठरलं. नकाशा फळ्यावर लागला, त्यात मधोमध मोठी कोरी जागा. मी हात वर करून विचारलं, “इथे बाजार कुठल्या वारी भरतो?” सर म्हणाले, “झालं हिचं सुरू.” वामकुक्षी जागा झाला आणि म्हणाला, “भोकं बघायला मी येणार.” माणूस सुधारू शकतो, असं नाही. पण जागा होऊ शकतो.

शनिवारी येतेय. लॉजवर नाही. पहाटे बांबू रोवता असं तूच लिहिलं होतंस, त्याला हात लागतील. झाडूवाल्याला सांग, झाडू पुढच्या बाजूने दे.

कप पोचला. पेन्सिली ठेवायला घेतलाय. कान शाबूत आहे. मी तीनदा फिरवून बघितला, साधी चीरसुद्धा नाही.

खोटं बोलायची तुझी सवय काही जात नाही.

शिसपेन्सिल